पावणेचौदा लाखांचा देश, वर्षात ६०५ खून : त्रिनिदाद आणि टोबॅगोची आकडेवारी

सांख्यिक

ब्रायन लारा, सुनील नारायण आणि आपल्या मुंबई इंडियन्सचा पोलार्ड यांचा देश, एवढीच त्रिनिदादची ओळख आपल्यापैकी बहुतेकांना असते. दक्षिण अमेरिकेला जवळजवळ चिकटलेली ही दोन बेटं. व्हेनेझुएलाचा किनारा सर्वांत जवळ येतो तिथे मध्ये जेमतेम ११ किलोमीटरचं पाणी. तेल आणि नैसर्गिक वायूमुळे कॅरिबियनमधल्या सधन देशांत गणना होते. याच देशात २०२२ साली ६०५ खून झाले.

मी सार्वजनिक आरोग्याच्या विदावर (डेटावर) काम करतो. एखाद्या आजारासारखे खुनाचे आकडे वाचता येतात का, या प्रश्नातून या देशाकडे वळलो आणि मग सुटका झाली नाही. इथे आकडेवारीत रस असणारे बरेच जण आहेत, म्हणून धागा काढतोय.

आधी आपल्या मापात बसवून पाहू. एनसीआरबीने (राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाने) २०२२ मध्ये भारतभरात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदवले. दर लाख लोकसंख्येमागे २.१. महाराष्ट्रात २,२९५. त्रिनिदादची लोकसंख्या त्यांच्या सांख्यिकी कार्यालयाच्या अंदाजानुसार १३.६६ लाख, म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या नाशिक शहरापेक्षाही कमी. लाखामागे ४४ खून. हाच दर महाराष्ट्रात असता तर आपल्याकडे वर्षाला पन्नास हजारांच्या वर खून पडले असते.

आता मागे जाऊ. १९९८ साली या देशात ९८ खून झाले होते, १९९९ मध्ये ९३. तेव्हाचा दर लाखाला सात-आठ. म्हणजे हा देश मुळातच रक्तपाती होता असं म्हणायला जागा नाही. २००३ पर्यंत आकडा सव्वादोनशेच्या पुढे, २००५ मध्ये ३८६, २००८ मध्ये साडेपाचशेच्या जवळ. दहा वर्षांत साडेपाच पट! लोकसंख्या तीच, माणसं तीच, कायदाही तोच. मग थोडी उतरण, २०११ ला ३५२, पुन्हा चढ, २०१९ ला ५३८ च्या आसपास, कोविडच्या २०२० मध्ये चारशेच्या किंचित खाली, २०२१ ला ४४८ आणि मग ते ६०५. २०२३ ला ५७७, २०२४ ला सव्वासहाशेच्या घरात. २०२५ मध्ये एकदम चारशेच्या आत. (पोलिसांचा आणि वर्तमानपत्रांचा आकडा दोन-चारांनी वेगळा असतो, त्यावर अडू नका.)

दोन गोष्टी सुरुवातीलाच सांगतो.

पहिली म्हणजे दर काढताना भागायचं कशाने? संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजात याच देशाची २०२२ ची लोकसंख्या १५.३ लाख आहे. तिने भागलं तर दर ३९.५ येतो, देशाच्या स्वतःच्या अंदाजाने भागलं तर ४४.३. जगातल्या 'सर्वांत धोकादायक' देशांच्या याद्या फिरत असतात, त्यात या एका फरकाने देश चार-पाच पायऱ्या वर-खाली होतो. शिवाय व्हेनेझुएलातून आलेले लोक आहेत. २०१९ मध्ये सरकारने नोंदणी केली तेव्हा १६,५२३ जण पुढे आले, प्रत्यक्षात त्याहून कितीतरी जास्त असणार. त्यांच्यातला कुणी मारला गेला तर तो अंशात मोजला जातो, छेदात मात्र असेलच असं नाही.

दुसरी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची : ६०५ हा आकडा देशाचा असला तरी देशभर पसरलेला नाही. पोर्ट ऑफ स्पेनच्या पूर्वेला डोंगरउतारावर लाव्हेंटिल आहे, शेजारी मोरव्हंट, खाली महामार्गाच्या कडेला बीथम, समुद्राकडे सी लॉट्स. वर्षानुवर्षं खुनांचा मोठा वाटा या काही चौरस किलोमीटरांतून येत राहिलाय. मरणारे बहुतेक तरुण पुरुष, आणि दहांतले आठांहून अधिक बंदुकीच्या गोळीने. त्यामुळे 'त्रिनिदादमध्ये खुनाचा धोका किती' या प्रश्नाला एक उत्तर नाहीच. कुठल्या रस्त्यावर राहता आणि वय किती, यावर ते पन्नास पटींनीही बदलू शकतं.

चर्चा करू. तिथे राहिलेलं कुणी असेल तर जरूर लिहा.

रोहिणी_ठाणे

वाचून सुन्न झाले. एक भाबडा प्रश्न : तेलाचा पैसा असलेल्या देशात हे का? गरिबी हे कारण धरलं तर मग अधिक गरीब देशांत अधिक खून व्हायला हवेत ना?

सांख्यिक

प्रश्न अजिबात भाबडा नाही, याच प्रश्नावर कित्येक प्रबंध झालेत. आकडा सर्वांत वेगाने चढला तो २००० ते २००८ चा काळ तेल-वायूच्या तेजीचा होता. सरकारी तिजोरी भरलेली, बेरोजगारी उतरत होती. तेव्हा नुसती गरिबी हे उत्तर पुरत नाही. पैसा आला, पण काही वस्त्यांपर्यंत तो नोकऱ्यांच्या रूपाने पोहोचलाच नाही, सरकारी रोजगार योजनेच्या कंत्राटांच्या रूपाने पोहोचला. यूआरपी नावाची ही योजना, आपल्या रोजगार हमीच्या जातकुळीतली. गटारं साफ करणं, कठडे बांधणं, अशी दहा-पंधरा दिवसांची कामं. कुणाला काम मिळणार हे ठरवण्याची ताकद गल्लीतल्या ज्या माणसाच्या हाती गेली, तो तिथला म्होरक्या झाला. हजेरीपटावर खोटी नावं, त्यांचा पगार टोळीला. मग ते कंत्राट हातात ठेवण्यासाठी खून. याच्या जोडीला कोकेनचा मार्ग आणि बंदुका. तिन्ही एकत्र आल्यावर जे झालं ते आकड्यांत दिसतंय.

दर्यासारंग

पॉइंट लिसासच्या अमोनिया प्रकल्पात नोकरीला होतो, राहायला कुव्हात. पश्चिम किनाऱ्यावर, राजधानीपासून तासाभराच्या अंतरावर. म्हणून दोन शब्द.

सांख्यिक म्हणतात ते रोजच्या जगण्यात अगदी असंच जाणवतं. आमच्या भागात संध्याकाळी लोक रस्त्यावर डबल्स खायला उभे असायचे (आपल्या छोले-भटुऱ्यांचं मऊ भावंड), मुलं क्रिकेट खेळत. पण प्रत्येक घराच्या प्रत्येक खिडकीला लोखंडी जाळी. श्रीमंताच्या बंगल्याला नक्षीदार, साध्या घराला सळ्यांची. व्हरांडासुद्धा पिंजऱ्यासारखा बंद. घर बघायला गेलो तेव्हा दलालाने आधी जाळ्या दाखवल्या, मग स्वयंपाकघर.

दुसरी लक्षात राहिलेली गोष्ट वर्तमानपत्रातली. तिथे खुनाच्या बातमीचा शेवट ठरलेला असतो : या खुनामुळे वर्षाचा आकडा इतका झाला, गेल्या वर्षी याच तारखेला तो इतका होता. मेलेल्या माणसाचं नाव, वय, वस्ती आणि मग ही ओळ. चहाच्या सुट्टीत सहकारी पावसाचे आकडे बोलावेत तसे हे आकडे बोलायचे. मला त्याचा फार त्रास व्हायचा. गेलेला मुलगा एकवीस वर्षांचा होता हे विसरून 'गेल्या वर्षीपेक्षा बारा जास्त' एवढंच उरायचं.

लाव्हेंटिलबद्दल एक सांगायलाच हवं. स्टीलपॅन हे वाद्य याच वस्त्यांनी जगाला दिलं. डेस्परॅडोज हा त्यांचा नामांकित वाद्यवृंद तिथलाच. आमच्या प्रकल्पातला एक फिटर तिथला होता, पण नोकरीच्या अर्जावर त्याने मावशीचा पत्ता दिला होता. लाव्हेंटिलचा पत्ता दिसला की मुलाखतीलाच बोलावत नाहीत, असं तो म्हणायचा. असं करणारा तो एकटा नव्हता.

घाटावरचा

सगळं खरं, पण शिक्षेचा धाक नसेल तर दुसरं काय होणार? १९९९ मध्ये तिथे दहा जणांना फाशी दिली होती ना? आणि त्याच वर्षी आकडा सर्वांत कमी, ९३. फाशी थांबली आणि आकडा वाढत गेला. हे तुमच्याच आकड्यांत दिसतंय.

कोर्टकचेरी

घाटावरचा, कायद्याची बाजू मांडतो.

१९९९ च्या जूनमध्ये एकाच टोळीतल्या नऊ जणांना तीन दिवसांत फासावर दिलं आणि जुलैमध्ये आणखी एकाला. त्यानंतर आजवर एकही फाशी झालेली नाही. कायद्यात मात्र खुनाला आजही फाशीच आहे, न्यायाधीशाला दुसरा पर्याय नाही. अडचण अशी की या देशाचं सर्वोच्च अपील अजून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जातं. (कॅरिबियन देशांनी स्वतःसाठी स्थापन केलेल्या न्यायालयाचं मुख्यालय पोर्ट ऑफ स्पेनमध्येच आहे, तरीही.) प्रिव्ही कौन्सिलने १९९३ मध्ये जमैकाच्या एका प्रकरणात ठरवून दिलं की फाशीची शिक्षा झाल्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ कैद्याला टांगणीवर ठेवणं अमानुष आहे, अशा वेळी शिक्षा जन्मठेपेत बदलावी. अपिलं पाच वर्षांत संपत नाहीत. म्हणून फाशी होत नाही.

पण मला त्याहून मोठा मुद्दा वेगळाच वाटतो. फाशी ही खटल्याच्या शेवटी येते. तिथे खटला उभाच राहत नाही. नव्वदच्या दशकात निम्म्याहून अधिक खुनांचा छडा लागायचा. गेल्या दशकात बहुतेक वर्षी पाचांतल्या एकाचाही धड लागत नाही. छडा लागणं म्हणजे फक्त कुणावर तरी आरोप ठेवला गेला. मग खटला सुरू होईपर्यंत दहा-बारा वर्षं आरोपी तुरुंगात कच्चा कैदी म्हणून. तोवर साक्षीदार परदेशी गेलेला, फिरलेला किंवा मारला गेलेला. आधी मॅजिस्ट्रेटपुढे प्राथमिक चौकशी, मग उच्च न्यायालयात पुन्हा सगळं पहिल्यापासून. ही दुहेरी पद्धत २०२३ च्या अखेरीस मोडीत काढली, हे चांगलं झालं.

गोळी झाडणाऱ्या पोराला आपण फासावर जाऊ अशी भीती वाटायला आधी आपण पकडले जाऊ असं तरी वाटायला हवं.

सांख्यिक

कोर्टकचेरींशी पूर्ण सहमत. घाटावरचा, आकड्यांपुरतं उत्तर देतो. फाशी १९९९ च्या मध्यावर झाल्या, पण खुनांचा आकडा त्याआधीच उतरत होता. १९९८ मध्ये एकही फाशी नव्हती तरी ९८ होते. ९८ आणि ९३ यांत सांख्यिकीच्या दृष्टीने काहीच फरक नाही. आणि २००० मध्ये, म्हणजे फाशीची आठवण ताजी असताना, आकडा १२० च्या आसपास गेला. फाशीने खून वाढले असं कुणी म्हटलं तर तेही मी मान्य करणार नाही. एका वर्षाच्या आकड्यावरून दोन्हीपैकी काहीच सिद्ध होत नाही.

छडा लागण्याच्या प्रमाणाचा आणि खुनांच्या संख्येचा संबंध मात्र दोन्ही बाजूंनी आहे. खून वाढले की तपास करणाऱ्यांवर भार वाढतो, छडा लागण्याचं प्रमाण पडतं. प्रमाण पडलं की ज्याचा भाऊ मेला तो पोलिसांकडे न जाता स्वतः हिशेब चुकता करतो. एका खुनातून दुसरा जन्मतो, तिसरा जन्मतो. माझ्यासारख्याला हे साथीच्या आजारासारखं दिसतं ते याच कारणाने.

मोकाकर

मॉरिशसमधून लिहितेय. आमचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यांवर आले. माझं मराठी थोडं जुन्या वळणाचं आहे, समजून घ्या.

तुम्ही सर्व 'लहान बेट' म्हणून विचार करताय, म्हणून आमचा देश शेजारी ठेवून बघा. आमची लोकसंख्या साडेबारा लाख, त्रिनिदादच्या आसपासच. ब्रिटिशांची वसाहत, साखर, गुलामगिरीनंतर भारतातून आणलेले गिरमिटिये, अनेक धर्म, अनेक वंश, हे सगळं दोन्हीकडे सारखं. स्वातंत्र्यही सहा वर्षांच्या अंतराने, त्यांचं १९६२ चं, आमचं १९६८ चं. आमच्याकडे खुनाचा दर लाखाला दोन-तीनच्या आसपास राहतो. दारूच्या भरात, घरगुती भांडणात, जमिनीच्या वादात खून होतात. अंमली पदार्थांचं दुखणं आमच्याकडेही मोठं आहे, हेरॉइनने कित्येक घरं बसली, आता कृत्रिम गांजाने पोरं बरबाद होतायत. तरीही रस्त्यावर गोळीबार ही बातमी आमच्याकडे क्वचितच असते.

म्हणजे बेट, वसाहत, ऊस, मिश्र समाज ही कारणं धरली तर आमच्याकडेही तसंच व्हायला हवं होतं.

सांख्यिक

मोकाकरताई, फार मोलाची तुलना दिलीत. मी स्वतः हीच जोडी वर्गात वापरायचं ठरवतोय.

फरक मला मुख्यतः भूगोलात आणि बंदुकीत दिसतो. हेरॉइन मॉरिशसला येतं ते बरंचसं तिथेच खपण्यासाठी. त्रिनिदादमधून कोकेन पुढे उत्तर अमेरिका आणि युरोपकडे जातं. वाटेतल्या मालाला राखण लागते, राखणीला बंदूक लागते, आणि कधीकधी मोबदलाच बंदुकीच्या रूपात मिळतो. व्हेनेझुएलाकडून पॅरियाच्या आखातातून होड्या येतात. आणि अमेरिकेतून पार्सलांत, पिंपांत, फ्रिजच्या पाठीत सुटे भाग येतात. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०२४ मध्ये काढलेला हिशेब सांगतो की २०१८ ते २०२२ या काळात कॅरिबियन देशांत पकडलेल्या आणि माग काढण्यासाठी पाठवलेल्या बंदुकांपैकी ७३ टक्के मूळच्या अमेरिकेतून आलेल्या होत्या. त्रिनिदादमध्ये बंदुकीचा कारखाना नाही. म्हणजे सहाशे खुनांचं मुख्य हत्यार जवळजवळ सगळं आयात केलेलं आहे.

मॉरिशसमध्ये दोघे भांडले तर हाती येतो तो कोयता किंवा बाटली. जखमी माणूस बऱ्याचदा वाचतो. तेच भांडण पिस्तुलाने झालं तर तोच माणूस खुनाच्या आकड्यात जातो. हिंसा सारखी असली तरी मरण सारखं राहत नाही.

प्रभंजन

थोडा नाजूक प्रश्न विचारतो. तिथे भारतीय वंशाचे लोक ३५ टक्के आहेत ना? 'आपल्या' लोकांना लक्ष्य केलं जातं असं व्हॉट्सॅपवर येत असतं. आकड्यांत तसं दिसतं का?

दर्यासारंग

प्रभंजन, २०११ च्या जनगणनेत भारतीय वंशाचे साधारण ३५ टक्के आणि आफ्रिकी वंशाचे ३४ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखे. खुनात मरणाऱ्यांमध्ये आफ्रिकी वंशाच्या तरुणांचं प्रमाण लोकसंख्येतल्या त्यांच्या वाट्याच्या कितीतरी पुढे आहे. व्हॉट्सॅपवरच्या गोष्टीच्या नेमकं उलट.

भारतीय वंशाच्या व्यापारी घराण्यांना धास्ती होती ती खंडणीसाठी अपहरणाची. २००५ च्या आसपास ती लाटच होती. अलीकडे दुकानदारांकडून हप्ते मागणं आणि घरात घुसून लूट, याची भीती मध्य आणि दक्षिण त्रिनिदादमध्ये प्रचंड आहे. ती भीती खरी आहे, मी ती पाहिली आहे. पण तिचा आधार घेऊन 'ते आपल्याला मारतायत' म्हणणं खोटं आहे आणि तिथल्या राजकारणात या खोट्याने फार नुकसान केलंय. तिथे दोन मुख्य पक्षांची मतंही वंशावर विभागलेली आहेत, त्यामुळे प्रत्येक खुनाचा अर्थ आधी वंशाने लावला जातो.

आणि आफ्रिकी वंशाचे लोक देशभर राहतात. दक्षिणेतल्या कित्येक गावांत आकडा अगदी कमी. तेव्हा रक्ताचा दोष शोधू नये, वस्तीचा इतिहास शोधावा.

प्रभंजन

धन्यवाद. हे तिकडच्या गटात पाठवतो.

विदावेडा

सांख्यिक, दोन शंका.

एक, पोलीस खुनांचं 'कारण' देतात : टोळीयुद्ध, अंमली पदार्थ, लूट, भांडण, घरगुती वगैरे. ८० टक्के प्रकरणांचा छडाच लागत नसेल तर कारण कसं कळतं?

दोन, २०२४ च्या शेवटी आणीबाणी लावली आणि २०२५ मध्ये आकडा चारशेच्या आत आला. म्हणजे आणीबाणीने काम केलं असं समजायचं का?

सांख्यिक

पहिली शंका नेमकी दुखऱ्या जागी बोट ठेवणारी. छडा न लागलेल्या खुनाचं कारण हा तपास अधिकाऱ्याचा अंदाज असतो. मृत तरुण, जागा लाव्हेंटिल, हत्यार पिस्तूल, एवढ्यावरून रकान्यात 'टोळी' असं पडतं. तो कदाचित टोळीत असेल, कदाचित टोळीतल्या कुणाचा चुलतभाऊ असेल, कदाचित नुसता चुकीच्या कोपऱ्यावर उभा असेल. म्हणून कारणाच्या रकान्यावर मी फार भार टाकत नाही. जागा, वेळ, वय, हत्यार या गोष्टी मात्र प्रेत सापडलं की नोंदवता येतात, त्यात अंदाज कमी. पॅटर्न शोधायचा तर तिथेच शोधावा. आणखी एक, 'टोळी' शिक्का बसला की समाजाची सहानुभूती संपते आणि तपासाची घाईही. आईने मुलाचं प्रेत ताब्यात घ्यायचं आणि पेपरात वाचायचं की पोलिसांना तो गुंड असल्याचा संशय आहे.

दुसऱ्या शंकेला सविस्तर उत्तर देतो, कारण याच ठिकाणी लोक सर्वांत जास्त घसरतात.

लहान संख्येत चढउतार आपोआप होतात. खून एकमेकांपासून स्वतंत्र घटना आहेत असं क्षणभर धरलं, तर वार्षिक संख्येचा साधा हेलकावा तिच्या वर्गमुळाएवढा असतो. ६०५ चं वर्गमूळ साधारण २५. म्हणजे काहीही न बदलता हा आकडा पुढच्या वर्षी त्याच्या दुपटीने, पन्नासाने, खाली किंवा वर दिसू शकतो. २०२२ चे ६०५ २०२३ मध्ये ५७७ झाले, तेव्हा सुधारणेचं श्रेय घेणारी भाषणं झाली. २०२४ ला सव्वासहाशे झाले तेव्हा अपयशाचा गलका झाला. गणिताने पाहिलं तर तिन्ही वर्षं एकाच पातळीवरची आहेत. सेंट किट्स आणि नेव्हिससारख्या पन्नास हजारांच्या आसपासच्या देशात तर हे आणखी बिकट. तिथे २०२३ मध्ये ३१ खून झाले. एक खून वाढला की दर लाखामागे दोनने वाढतो. टोबॅगोची लोकसंख्या साठ हजारांच्या घरात, तिथेही तेच. अशा ठिकाणी एका वर्षाचा दर छापणंच मला चुकीचं वाटतं, पाच वर्षांची सरासरी द्यावी. आणि प्रत्यक्षात खून स्वतंत्र नसतात, सूड लागोपाठ येतात, त्यामुळे खरा हेलकावा वर्गमुळाहूनही मोठा.

या मापाने २०२१ चे ४४८ ते २०२२ चे ६०५ ही उडी खरी. २०२४ ते २०२५ ची घटही खरी, ती नुसता हेलकावा असणं शक्य नाही. प्रश्न तिच्या कारणाचा आहे.

इथे २०११ आठवा. कमला प्रसाद-बिसेसर पंतप्रधान होत्या, २१ ऑगस्टला आणीबाणी आणि ठरावीक भागांत संचारबंदी लागली, ५ डिसेंबरला उठली. वर्षाचा आकडा ३५२, आदल्या वर्षी पावणेपाचशेच्या जवळ. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण उतरण २००८ नंतरच सुरू झाली होती, २००९ आणि २०१० दोन्ही वर्षी आकडा कमी होत आला होता. आणीबाणीत हजारो लोक पकडले. नव्या टोळीविरोधी कायद्याखाली शेकडोंवर आरोप ठेवले, त्यातले बहुतेक पुराव्याअभावी सुटले. पकडलेली पोरं परत आली ती पोलिसांवर अधिक चिडून. २०१२ मध्ये ३७९, २०१३ मध्ये ४०७.

आता २०२४ च्या ३० डिसेंबरला लागलेली आणीबाणी एप्रिलच्या मध्यापर्यंत चालली. निवडणुका झाल्या, सरकार बदललं, प्रसाद-बिसेसर परत आल्या आणि जुलैत दुसरी आणीबाणी लागली. म्हणजे वर्षाचा मोठा भाग आणीबाणीतच गेला. त्यामुळे त्या वर्षाच्या एकूण आकड्याला मी निकाल मानत नाही. महिन्यांचे आकडे हवेत. आणीबाणी नसलेल्या मे-जूनमध्ये काय झालं, ती उठल्यावरच्या सहा महिन्यांत काय होतं, आणि मधल्या काळात छडा लागण्याचं प्रमाण वाढलं का, हे बघू. शेवटचं वाढलं असेल तर मी आनंदाने म्हणेन की काहीतरी मुळातून बदललं.

तिथे आणीबाणीशिवायही एक प्रयोग झाला होता. २०१५ ते २०१७ या काळात पोर्ट ऑफ स्पेनच्या काही वस्त्यांत 'प्रोजेक्ट रीझन' चालला. त्या वस्त्यांतलेच, पूर्वी त्या जगात वावरलेले लोक मध्यस्थ म्हणून नेमले. गोळीबार झाला की हे लोक जखमीच्या घरी पोहोचायचे आणि सूड घेऊ पाहणाऱ्यांशी बोलायचे. मूल्यमापनात त्या भागातले हिंसक गुन्हे लक्षणीय घटलेले दिसले. पैसे संपले, प्रकल्प बंद झाला. खर्च फार नव्हता. याचं मला आजही वाईट वाटतं.

रोहिणी_ठाणे

बायकांचं काय? सगळी चर्चा तरुण मुलांवर चालली आहे.

दर्यासारंग

रोहिणीताई, खून झालेल्यांत साधारण दहातली एक स्त्री. टक्केवारी कमी म्हणून चर्चेतून निसटतात. पण यांचे मारेकरी बऱ्याचदा घरातले किंवा त्या सोडून आलेल्या घरातले, आणि बऱ्याचदा पोलिसांकडे आधी तक्रार झालेली. २०२१ च्या सुरुवातीला एका तरुणीच्या खुनानंतर देशभर लोक मेणबत्त्या घेऊन उतरले. सगळ्या वंशांचे, सगळ्या पक्षांचे. त्या वर्षी पेपर स्प्रे बाळगणं कायदेशीर झालं. तिथे टॅक्सी म्हणून खासगी गाड्या सर्रास चालतात आणि नोकरी करणाऱ्या मुलींना रोज त्यातच बसावं लागतं. माझ्या कार्यालयातल्या मुली गाडीचा नंबर घरी कळवल्याशिवाय बसत नसत.

सांख्यिक

रोहिणीताईंचा प्रश्न आकड्यांतही एक महत्त्वाचं दार उघडतो, ते म्हणजे 'खून' या रकान्यात काय धरायचं.

संयुक्त राष्ट्रांच्या गुन्हे वर्गीकरणात हुंडाबळी ही हेतुपुरस्सर हत्या मानली जाते. एनसीआरबी मात्र हुंडाबळी वेगळ्या रकान्यात दाखवते. २०२२ मध्ये साडेसहा हजारांच्या जवळ, खुनांच्या २८,५२२ मध्ये न धरलेले. भारताचा २.१ दर त्रिनिदादच्या ४४ शेजारी ठेवताना हे लक्षात ठेवा. दरी तरीही प्रचंड आहे, पण आपला आकडा दिसतो तितका स्वच्छ नाही, आणि ज्या बायका त्यातून गळतात त्या आपल्याच घरातल्या आहेत.

त्रिनिदाद आणि जमैकात गळती वेगळीकडे आहे. पोलिसांच्या गोळीने मेलेले खुनाच्या आकड्यात येत नाहीत. जमैकाचं उदाहरण मला अस्वस्थ करतं. तिथे २०२४ मध्ये साडेअकराशेच्या आसपास खून झाले, २०२५ मध्ये सातशेच्या आत, तीन दशकांतला नीचांक. ही खरोखर मोठी गोष्ट आहे, शेकडो घरं वाचली. पण सुरक्षा दलांच्या गोळीने मेलेल्यांची संख्या २०२३ मध्ये १५५ होती, २०२४ मध्ये १८९ झाली आणि २०२५ मध्ये आणखी बरीच वाढली. दोन्ही रकाने बेरजेत धरले तरी घट उरते, पण तिचा आकार लहान होतो. त्रिनिदादच्या २०२५ चा हिशेबही असाच दोन्ही रकान्यांनी व्हायला हवा. तिथल्या पोलीस तक्रार प्राधिकरणाचे वार्षिक अहवाल जमवायला घेतले आहेत. वर्षवार तक्ता तयार झाला की याच धाग्यावर टाकतो. मोकाकरताई, मॉरिशसचे पाच-दहा वर्षांचे आकडे मिळाले तर शेजारी तेही लावू.

मोकाकर

आमच्या सांख्यिकी कार्यालयाचे गुन्ह्यांचे वार्षिक तक्ते उपलब्ध असतात. या आठवड्यात उतरवून पाठवते. त्यात हत्यारानुसार फोड असेल तर तीही देते.